नरिमन पॉइंटचा एक मजला

२८ नोव्हेंबर २०२५ला कतारची राजधानी दोहा इथं एक नवं कलासंग्रहालय उघडलं. नाव 'लौह व कलम'. लौह म्हणजे पाटी, कलम म्हणजे लेखणी. कुरआन वाचलेल्या कुणालाही हे दोन शब्द ओळखीचे वाटतील. निळ्या फरशांची इमारत, तीन हजार चौरस मीटरहून जास्त जागा, दीडशेहून जास्त कलाकृती आणि वस्तू. इमारतीचं पहिलं रेखाटन २००८मध्ये खुद्द चित्रकारानंच करून ठेवलं होतं. त्यावरून मार्तंड खोसला या भारतीय वास्तुकारानं ती उभी केली. चित्रकार कोण हे आता सांगायला नको. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन.

केवळ हुसेन यांच्या कामाला वाहिलेलं जगातलं हे पहिलं संग्रहालय, असं त्याबद्दल सांगितलं जातं. हे वाक्य कौतुकाचं आहे, पण महाराष्ट्रात बसून वाचलं की त्याचा दुसरा अर्थ लागतो. पहिलं दोहात, म्हणजे पंढरपुरात नाही, इंदूरला नाही, आणि ज्या मुंबईत या माणसानं सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलं त्या मुंबईतही नाही.

आमचं वरवे बुद्रुक पुणे-सातारा महामार्गावर, खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडून थोडं पुढं. जुम्म्याच्या नमाजनंतर चहाला थांबलो होतो, तेव्हा हा विषय निघाला. एक चाचा म्हणाले, "कतारवाल्यांनी केलं ना? मग झालं. आपल्या माणसाची कदर आपल्या लोकांनी केली." पुण्यात बीसीए करणारा एक पोरगा म्हणाला, "भाई, त्यांचं नावच नको काढू. उगाच डोक्याला ताप." तिसऱ्यानं चहाचा ग्लास खाली ठेवत विचारलं, "पण तस्वीर काढणं आधी जायज आहे का?"

आपल्या वस्तीत, आपल्या वयाच्या मुलांमध्ये हुसेन यांच्याबद्दल जे काही बोललं जातं ते फिरून फिरून या तिघांपाशीच येतं. मला तिन्ही पटत नाहीत.

चाचांच्या बोलण्यातला 'आपले लोक' हा शब्द मला खटकला. कतारनं हुसेन यांना २०१०मध्ये नागरिकत्व दिलं, शेवटची वर्षं मानानं काम करू दिलं, त्यांच्याकडून अरब संस्कृतीवरची चित्रमालिका करून घेतली आणि आता घरही बांधून दिलं. त्यासाठी कतारचे आभारच मानायला हवेत. पण कतारचे लोक आपले आणि पंढरपूरचे परके, हे कधी ठरलं? हुसेन यांनी राममनोहर लोहियांच्या सांगण्यावरून रामायणावर चित्रं काढली आणि ती हैदराबादला बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे राहून, वर्षानुवर्षं खपून काढली. त्यांच्या चित्रांतला कंदील आला आजोबांकडून, बैलगाडी आणि डोक्यावर ओझं घेतलेली बाई आली इथल्या रस्त्यांवरून. त्यांच्या कित्येक चित्रांत बाईला चेहराच नसतो. ते दीड वर्षांचे असताना आई गेली, तिचा फोटोसुद्धा मागे राहिला नाही. ती पंढरपुरातच गेली. हा माणूस मराठी मुलखातून सुरू होतो, आणि त्याला 'मुस्लिम जगाचा चित्रकार' एवढंच करून ठेवणं ही त्याची निम्मी ओळख पुसणं आहे. गंमत म्हणजे ज्यांना तो इथं नको होता, त्यांचंही म्हणणं नेमकं हेच होतं की तो इथला नव्हेच.

दोहाच्या संग्रहालयात भारतातली चित्रंही आहेत, त्यामुळे दोष त्या संग्रहालयाचा नाही. प्रश्न एवढाच की भोर, अकलूज किंवा मिरजेतल्या मुलीला ती बघायची असतील तर आधी पासपोर्ट काढावा लागेल. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ज्या डेटाची एकच प्रत असते आणि तीही दुसऱ्याच्या मशीनवर, तो डेटा गेल्यात जमा धरतात.

आता इथं, मुंबईत, २०२५मध्ये काय झालं ते बघा. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचं १९५४चं 'ग्राम यात्रा' हे चित्र १ कोटी ३७ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं, म्हणजे एकशे अठरा कोटी रुपयांच्या आसपास. आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली ही सगळ्यात मोठी किंमत. हे चित्र कित्येक दशकं नॉर्वेतल्या एका इस्पितळात लटकत होतं. जूनमध्ये मुंबईत त्यांच्या पंचवीस चित्रांचा लिलाव झाला. ही चित्रं एका उद्योजकाच्या थकलेल्या कर्जापोटी जप्त होती, आणि विक्रीला मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी होती. तरी लिलाव होऊ नये म्हणून एका संघटनेनं इशारे दिले आणि चित्रं पोलीस बंदोबस्तात विकावी लागली. त्याआधी जानेवारीत दिल्लीत एका गॅलरीतली त्यांची दोन चित्रं जप्त करण्याचा आदेश न्यायालयानं दिला होता. एकाच वर्षात तेच नाव विक्रमी बोलीत, जप्तीत आणि पोलिसांच्या गराड्यात. पैसेवाल्यांच्या घरात हुसेन चालतात. सगळ्यांना फुकट बघता येईल अशा भिंतीवर ते आले की अडचण होते.

भिंतीवरून आठवलं. अहमदाबादला बाळकृष्ण दोशींनी जमिनीखाली एक विलक्षण कलादालन बांधलं, आत हुसेन यांनी रंगकाम केलं. त्याचं नाव होतं 'हुसेन-दोशी नी गुफा'. आज त्याला 'अमदावाद नी गुफा' म्हणतात. दोशींचं नाव गेलं आणि हुसेन यांचंही.

कलादालनावरून गावात भांडण व्हावं यात मला काही वाईट दिसत नाही. उलट व्हायलाच हवं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचं मासेमारीचं जुनं गाव आहे. तिथले कोळी अजूनही होड्या थेट वाळूवरून समुद्रात लोटतात. त्यांच्या किनाऱ्याला लागून, जिथं पर्यटकांच्या बसगाड्या उभ्या राहत त्या जागेवर, एका प्रतिष्ठाननं कलादालन बांधायचं ठरवलं. कोळ्यांनी आणि दुकानदारांनी विरोधाचे फलक लावले. बसगाड्या गेल्या तर गिऱ्हाईक जाईल, जागा महाग होईल, आम्हाला शेवटी शोभेला ठेवतील, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी २०१२मध्ये ते जेरवूड गॅलरी या नावानं उघडलं. बाहेरून काळ्या चकाकत्या फरशा, शेजारच्या जाळी ठेवायच्या काळ्या लाकडी खोल्यांशी जुळतील अशा. पुढे पैशांवरून प्रतिष्ठानशी बिनसलं आणि २०१९पासून तेच दालन 'हेस्टिंग्ज कंटेम्पररी' या नावानं चालतं. वाद झाला, पण तो गाड्या कुठं लावायच्या आणि खर्च कोण करणार यावरून झाला. उद्या ससून डॉकच्या कोळणींनी एखाद्या कलादालनाबद्दल विचारलं की आमच्या टोपल्या कुठं ठेवायच्या, तर तो प्रश्न मला पूर्ण रास्त वाटेल. त्या गोदामात २०१७मध्ये मोठं कलाप्रदर्शन भरलं होतंच. असा प्रश्न सोडवता येतो, जागा थोडी इकडची तिकडे करता येते. पण 'हा माणूस भिंतीवर दिसताच कामा नये' या अटीत कुणी काय इकडचं तिकडे करणार?

आणि इथं आपण स्वतःकडे वळायला हवं, कारण ही अट घालणारे फक्त 'ते' नव्हते.

एप्रिल २००४मध्ये हुसेन यांचा 'मीनाक्षी' हा चित्रपट प्रदर्शित झाला. तब्बू नायिका, ए. आर. रहमान यांचं संगीत. त्यातल्या एका कव्वालीत कुरआनातले शब्द आहेत आणि ते बाईच्या सौंदर्यासाठी वापरलेत, अशी तक्रार ऑल इंडिया उलेमा कौन्सिलनं केली. इतर मुस्लिम संघटना मागे उभ्या राहिल्या. हुसेन यांनी चित्रपट थिएटरांतून काढून घेतला. तेव्हा त्यांचं वय नव्वदीला टेकलं होतं, आणि देवतांच्या चित्रांवरून १९९६पासून त्यांच्यामागे आधीच एक झुंड लागलेली होती. १९९८मध्ये त्यांच्या मुंबईतल्या घरावर हल्ला होऊन गेला होता. अशा वेळी आपल्या संघटनांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायचं की त्यांनी त्याच झुंडीची भाषा बोलायची? 'आमच्या भावना दुखावल्या' हे वाक्य एकदा आपण वापरलं की दुसऱ्यानं वापरल्यावर तक्रार कुठल्या तोंडानं करायची? २००७मध्ये हैदराबादच्या प्रेस क्लबात तस्लिमा नसरीन यांच्यावर लोकप्रतिनिधींनीच हात टाकला, तेव्हाही आपल्यातले बरेच जण गप्प होते किंवा मनातून खूश होते. हुसेन २००६मध्ये देश सोडून गेले आणि आपण म्हणालो, बघा, मुसलमान कलावंताला इथं जागा नाही. हे खरं होतं, पण ते म्हणण्याचा आपला हक्क जरा उणा झाला होता.

तिसऱ्या दोस्ताचा जायज-नाजायजचा प्रश्न मला टाळायचा नाही. तो प्रामाणिक प्रश्न आहे. आपल्या घरात भिंतीवर काबा-मदिन्याची चौकट असते, आयतुल कुर्सी असते, माणसाचं चित्र सहसा नसतं. चित्रं काढणाऱ्यांना इशारा देणाऱ्या हदीस आहेत, हे मदरशात गेलेल्या पोरालाही माहीत असतं. पण त्या हदीसचा अर्थ काय यावर उलेमांचं एकमत कधीच नव्हतं. सावली पडणारी मूर्ती वेगळी आणि कागदावरचं चित्र वेगळं, असा फरक जुन्या फकिहांपैकी अनेकांनी केला. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहिलं की पूजेसाठी नसलेल्या चित्राला हरकत घेण्याचं कारण नाही. आणि आज मोबाइलमध्ये हजार सेल्फी बाळगणाऱ्यानं हा प्रश्न फक्त हुसेन यांच्यापाशीच का थांबवावा, हेही जरा विचारायला हवं.

त्याहून मोठा पुरावा पुण्यातच आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसैनशाही' नावाचं एक फारसी हस्तलिखित जपलेलं आहे. अहमदनगरचा सुलतान हुसेन निजामशहा याच्या स्तुतीचं हे काव्य, १५६५च्या आसपासचं. त्यात चित्रं आहेत. दख्खनच्या चित्रकलेचे जे सगळ्यात जुने नमुने आज उरलेत त्यांत ही चित्रं मोडतात. म्हणजे मुसलमान राजा, मुसलमान कवी, नगरचा दरबार, आणि पानोपानी माणसं. राजा दिसतो आणि शेजारी त्याची राणी खुंझा हुमायून असायला हवी. पण बहुतेक चित्रांत तिची आकृती नंतर पुसून टाकलेली आहे. पतीनंतर तिनं मुलाच्या नावानं राज्य चालवलं, मग मुलानंच तिला कैद केलं आणि ती चित्रांतूनही गेली. जिथं ती बसलेली होती तिथं आता रंगाचा डाग आहे.

या एका हस्तलिखितात दोन गोष्टी कळतात. चित्र काढणं आपल्या मुलखातल्या मुसलमानांना परकं नव्हतं. आणि चित्रातून माणूस पुसण्याची कला आपल्यालाही चांगली येते. पुसायला धर्म लागतोच असं नाही, सत्ता लागते. मी हे शाळेत शिकलो नाही, आपल्यापैकी कुणीच शिकलं नसेल. चौथीच्या पुस्तकात निजामशाही येते ती लढायांपुरती.

आता त्या बीसीएवाल्या पोराचं म्हणणं. 'डोक्याला ताप' हे त्याचे शब्द, पण अर्थ असा की वेळ बरी नाही, मान खाली घालून अभ्यास कर, नोकरी धर, नाव काढू नकोस. त्याला मी भित्रा म्हणणार नाही. वीस वर्षांच्या मुसलमान पोरानं स्वतःच्या डीपीचाही दोनदा विचार करावा असे हे दिवस आहेत, आणि हे त्यानं माझ्याकडून शिकायची गरज नाही. तरीही एक गोष्ट त्याच्या पुढ्यात ठेवतो. या विषयात न्यायालयांनी वेळोवेळी दिलेले निकाल आपण विसरतो. १९५४मध्ये अकबर पदमसी यांच्या 'लव्हर्स' या चित्रांवर मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा खटला भरला. जहांगीर आर्ट गॅलरीतून चित्रं काढायला त्यांनी नकार दिला होता. ते खटला जिंकले. ८ मे २००८ला दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी हुसेन यांच्याविरुद्धचे खटले रद्द केले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सीमाशुल्क विभागाला झापलं. त्यांनी सूझा आणि पदमसी यांची चित्रं 'अश्लील' म्हणून अडवून ठेवली होती, ती सोडायला लावली. म्हणजे कायद्याच्या बाजूनं हुसेन यांचं नाव घेण्यात काहीही गैर नाही. अडचण कायद्याची नाही, सवयीची आहे. गप्प बसण्याचीही सवय लागते.

देवतांची ती चित्रं कुणाला आवडली नसतील, मनाला लागली असतील, तर तेही मी समजू शकतो. माझ्या ऑफिसमधल्या एका मित्रानं मला शांतपणे सांगितलं की त्याच्या आईला ती बघवली नाहीत. मी त्याच्याशी वाद घातला नाही, घालणारही नाही. न आवडण्याचा हक्क तिला आहेच. मात्र तिच्या न आवडण्यापायी माझ्या गावातल्या मुलीनं बैलगाडीचं किंवा कंदिलाचं चित्रही बघू नये, हे तिनं कधी मागितलेलं नाही. ते तिच्या नावावर दुसरेच मागतात.

मग मागायचं काय? मला एक जागा दिसते.

मरीन ड्राइव्हच्या टोकाला, नरिमन पॉइंटला, एअर इंडियाची तेवीस मजली इमारत आहे. समुद्राच्या बाजूनं येताना तिच्या माथ्यावरचं धनुर्धारी चिन्ह लांबून दिसायचं. या कंपनीनं १९५०च्या दशकापासून चित्रं विकत घेतली. तरुण, नाव नसलेल्या चित्रकारांकडून, कधी पैशांऐवजी विमानाचं तिकीट देऊन. हुसेन, गायतोंडे, रझा, आरा, जतीन दास असे किती तरी. साल्वादोर दालीनं त्यांच्यासाठी राखदाणी बनवली आणि बदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं. ते त्याला पाठवलंही गेलं. अशा सुमारे चार हजार कलाकृती जमल्या. त्यांचं जतन मात्र सरकारी खाक्यानं झालं. २०१७मध्ये जतीन दास यांना आपलंच चित्र बाहेर विक्रीला आलेलं दिसलं, तेव्हा चोरी उघडकीस आली. जानेवारी २०२२मध्ये विमान कंपनी टाटांकडे गेली, संग्रह विक्रीत नव्हता. तो २०२३मध्ये संस्कृती मंत्रालयामार्फत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवला गेला. आणि ती इमारत? महाराष्ट्र सरकारनं १,६०१ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, मंत्रालयाची कार्यालयं तिथं हलवण्यासाठी.

म्हणजे चित्रं जनतेच्या पैशांची आणि इमारतीचा पैसाही जनतेचाच. चित्रं जमली त्या इमारतीत, आणि आता दोन्ही दोन सरकारांच्या फायलींत वेगवेगळी आहेत. तेवीस मजल्यांपैकी एक मजला, फक्त एक, या संग्रहातल्या मुंबईच्या चित्रकारांसाठी कायमचा खुला ठेवा, अशी मागणी का करू नये? समुद्राकडे तोंड असलेला मजला असेल तर उत्तमच, पण पार्किंगच्या बाजूचाही चालेल. त्यात हुसेन असतील, गायतोंडे असतील, आरा असतील. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ साली याच शहरात जन्मला. त्याच्या सहा संस्थापकांत हुसेन, रझा आणि आरा होते, सूझा होते, गाडे आणि बाकरे होते. कोण कुठल्या धर्माचा हे मोजायला बसलं तर तो ग्रुपच समजणार नाही.

कुणी म्हणेल की मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा आहेच, काळा घोड्याला, १९९६पासून. आहे, आणि चांगली इमारत आहे. पण तिथं प्रदर्शनं येतात आणि जातात, आणि काय लावायचं हे कोण ठरवतं याचाही वाद आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते. मुंबईतल्या कलावंतांची सल्लागार समिती गुंडाळून निर्णय दिल्लीकडे गेल्याचा मुद्दा त्यांनी काढला, तर त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. म्हणून मागणीत दुसरं कलमही हवं. समिती इथली असावी, तिच्यात चित्रकार असावेत, आणि काय टांगायचं हे तिनं ठरवावं.

ही मागणी 'मुस्लिम मागणी' म्हणून करू नका. उलेमांच्या संघटनेच्या कागदावर तर मुळीच नको, आणि कुठल्या पक्षाच्याही कागदावर नको. जे. जे.च्या माजी विद्यार्थ्यांना गाठा, चित्रकलेच्या शिक्षकांना गाठा. ते आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या शाळेत आहेत, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपुरतेच त्यांना विचारलं जातं. त्या परीक्षांना आपल्या मुली किती बसतात ते एकदा उर्दू शाळेत जाऊन बघा. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, म्हणून घरातूनही कुणी अडवत नाही. सात गुणांपर्यंत चित्रकला जायज असते, आठव्या गुणापासून अडचण सुरू होते. माझ्या भाचीनं काढलेला खेड-शिवापूरच्या दर्ग्यातला तो प्रसिद्ध दगड, अकरा जणांनी एकेका बोटानं उचललेला, मी फोनमध्ये ठेवलाय. त्यातल्या अकराही जणांना तिनं चेहरे काढलेत, आणि त्यांतल्या निम्म्यांना टोपी नाही, कारण तिथं येणारे निम्मे लोक टोपीवाले नसतातच.

सरकार नाहीच म्हणालं तर? म्हणू शकतं. पण कलादालन फक्त सरकार आणि शेखच बांधतात असं नाही. आमच्या महामार्गानं साताऱ्यापर्यंत गेलं आणि तिथून रहिमतपूरच्या बाजूला वळलं की औंध लागतं. एवढंसं गाव. तिथं पंतप्रतिनिधी भवानरावांनी १९३८मध्ये टेकडीवर संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं माय-लेकराचं शिल्प आहे. ते छोट्या संस्थानचे राजे होते हे खरं, आपल्याकडे संस्थान नाही. पण फखरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबत्यांकडे तरी कुठं होतं? १९९०मध्ये त्यांनी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवलं आणि मराठीत लिहिणारा मुसलमान ही कुणाला नवल वाटायची गोष्ट राहिली नाही. चित्रकलेसाठी तसं काही झालेलं नाही. पंढरपुरात एखाद्या शाळेच्या दोन खोल्या, हुसेन यांच्या चित्रांच्या परवानगी घेऊन केलेल्या चांगल्या छापील प्रती, त्यांच्या आयुष्याची मराठीत आणि उर्दूत माहिती, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. मूळ चित्र नसेल, पण वारीला येणाऱ्या माणसाला एवढं तरी कळेल की चंद्रभागेकाठी असाही एक मुलगा जन्मला होता. पंढरपूरकर हे नाकारतील असं गृहीत धरायला मी तयार नाही. शेख महंमदांचे अभंग गाणारा हा मुलूख आहे. आधी विचारून तर बघू.

मागणीचा मसुदा मी लिहायला घेतलाय, दोन पानांचा, मराठीत आणि इंग्रजीत. एक प्रत राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाला आणि एक केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाला जाईल. त्यात चार गोष्टी आहेत: एअर इंडिया इमारतीतला एक मजला, त्या संग्रहातल्या मुंबईच्या चित्रकारांच्या कामांची जाहीर यादी, स्थानिक समिती, आणि शाळांच्या सहलींना मोफत प्रवेश. चौथ्या मुद्द्यावर भोर आगारातून पहाटे निघालेली एसटी किती वाजता नरिमन पॉइंटला पोचते याचा हिशेब जोडायचा राहिलाय, कारण दालन दहाला उघडून पाचला बंद झालं तर आमच्या मुलांच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतील. रविवारी ते उघडं हवं हेही त्यात घालतो. सही करायची असेल तर आधी तुमच्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना दाखवा, पहिली सही त्यांची असू द्या.